गाव मे महिन्यात बघावं

कागदोपत्री माझी जन्मतारीख १ जून. मराठवाड्यात आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे. लेकराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. पहिल्या तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या दिवशी, म्हणून ३१ मे २०२३ ला, ऐन उन्हाळ्याच्या सुटीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. निरोप समारंभ शाळा उघडल्यावर झाला. त्या दिवशी जो भेटेल त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "बाई, आता कुठं राहणार?"

मला उत्तर देता येईना. लग्नाआधी वडील ठेवतील तिथं राहिले, लग्नानंतर औसा तालुक्यातल्या सासरी. नोकरीत बदली होईल तिथं बिऱ्हाड गेलं आणि मुलं दहावीला आली तेव्हा त्यांच्या क्लासेससाठी लातूरला भाड्याचं घर घेतलं. चौतीस वर्षं नोकरी झाली, पण कुठं राहायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

लातूरलाच राहणं सगळ्यांत सोपं, असं सुरुवातीला वाटलं. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझा उजवा गुडघा आता जिन्याला साथ देत नाही. शेजारच्या गल्ल्यांत चौकशी केली तर तळमजल्याच्या खोल्या सगळ्या डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना दिलेल्या. एका खोलीत तीन मुलं, प्रत्येकाचं भाडं वेगळं. आम्हा दोघांना तेवढं भाडं परवडणार नव्हतं आणि घरमालकांनाही म्हातारे भाडेकरू नको होते. या शहरानं माझ्या दोन्ही लेकरांना घडवलं, त्याबद्दल माझ्या मनात कायम ऋण आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाही आम्ही इथंच होतो, कळशी घेऊन रांगेत. पण म्हातारपण इथं काढायचं तर ते जिन्यावरच जाईल, हे मला दिसत होतं.

पैशांचं सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. हे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. त्यांची पेन्शन ईपीएस पंच्याण्णवची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेतली, महिन्याला तीन हजारही भरत नाही. घर चालणार ते माझ्या पेन्शनवर, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता. त्यातली ४० टक्के मी विकली, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेतले. ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते, म्हणजे मी त्र्याहत्तर वर्षांची झाल्यावर. त्याचे आणि उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, मिळून जे पैसे हाती आले, तेवढी मोठी रक्कम पुन्हा कधी येणार नव्हती. माझ्या माघारी यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल ते ३० टक्क्यांच्या हिशेबानं. सगळे पैसे भिंतींत घातले आणि ती भिंत चुकीच्या गावात निघाली, तर दुरुस्तीला हातात काहीच राहणार नव्हतं.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा ज्याला त्याला आपलं गाव सोयीचं वाटत होतं. मुलगा म्हणाला पुणे, लेक म्हणाली संभाजीनगर. हे म्हणाले, "आपलं घर हाय ना गावात. बापाचं घर सोडून भाड्यानं कशाला मरायचं?" मी म्हटलं, तिन्ही ठिकाणी राहून बघू, महिना महिना. आणि गाव मे महिन्यात बघू.

हे मला नोकरीनं शिकवलं होतं. बदली मागणारे नवे शिक्षक श्रावणात गाव बघून यायचे. ओढा वाहतोय, शाळेमागं हिरवंगार, लोक चहा पाजतायत, म्हणून विकल्प भरायचे. मार्चात डोक्यावर हंडा आला की पुन्हा बदलीचा अर्ज. आपणही आपल्याच गावाला दिवाळीला जातो, येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येच्या रानातल्या सणाला जातो, आणि तेवढंच गाव मनात धरून ठेवतो.

पुण्याचा महिना थोडक्यात सांगते. मुलाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, सून मायेची, कशाला कमी नाही. दोघं सकाळी आठला जायची ती रात्री आठला यायची. मधल्या बारा तासांत बोलायला कामवाली आणि वॉचमन, आणि तीही दोघं आपल्याकडचीच, एक परभणीची, एक जिंतूरचा. पाण्याचे टँकर तिथंही रोज येतात. मुलाच्या घरी आम्ही पाहुणे म्हणून फार सुखात होतो, आणि पाहुणे म्हणूनच जात राहू असं तिथंच ठरलं.

संभाजीनगरला आम्ही पैसे घालवता घालवता वाचलो. लेकीच्या घरी आठव्या दिवशी नळाला पाणी येतं. पैठणला नाथसागर भरलेला असो की नसो, वाटप तेच. तरी लेक जवळ राहील म्हणून आम्ही सातारा-देवळाई भागात प्लॉट बघायला लागलो. एका एजंटानं वीस बाय तीसचा प्लॉट दाखवला. चुन्याच्या रेघा, कोपऱ्यात दगड, समोर रस्ता म्हणून मुरूम टाकलेला. भाव आमच्या आवाक्यातला. यांनी इसार म्हणून पन्नास हजार खिशात आणलेले होते.

मी सातबारा मागितला. त्यावर जमीन जिरायती, मालकाच्या रकान्यात सहा नावं, त्यातल्या दोघांची सही मिळायची होती. एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा, आदेश नाही, मंजूर लेआउट नाही. मी म्हटलं, खरेदीखत कुठं होणार? तो म्हणाला, "बाँडवर नोटरी करून देतो मॅडम, सगळे असंच घेतात. पुढं गुंठेवारीत होऊन जाईल." विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, आणि मुदत वाढवून वाढवून ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणली होती. कालच्या चुन्याच्या रेघांना तो कायदा कसा लागू होणार? शेतजमिनीच्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळं एवढ्याशा तुकड्याची रजिस्ट्री तेव्हा होत नव्हती. नोटरीनं शिक्का मारला म्हणजे मालकी होत नाही. हे मला कळलं ते लेकीच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यामुळं. त्यांनी मला ओट्यावर बसवून तासभर सातबारा वाचायला शिकवला. माझ्या वयाची कुणी बाई प्लॉट घ्यायला निघाली असेल तर तिला माझं कळवळून सांगणं आहे, इसार देण्याआधी सातबारा, फेरफार आणि एनएचा आदेश घेऊन ओळखीच्या वकिलाकडं जा. एजंटाच्या ओळखीच्या वकिलाकडं जाऊ नका.

नंतर गाव.

११ जानेवारी २०२४ ला येळवस होती, त्या दिवशी आम्ही रानात होतो. जावेनं आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेतलं होतं. ज्वारी छातीला लागायलेली. कडब्याची कोप, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडलेले, चादरीवर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. हे हात धुऊन बांधावर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बघ." मी बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी कुणी कागद पुढं केला असता तर मी सही केली असती.

मे महिन्यात आम्ही दोन पिशव्या घेऊन तिथं राहायला गेलो. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेलेला. ग्रामपंचायतीचा नळ चौथ्या दिवशी अर्धा तास, मग तोही बंद. तहसीलनं शेजाऱ्यांचा बोअर अधिग्रहण केलेला होता, पण तो शेतीच्या लाइनीवर. एक आठवडा लाइट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पाणी भरायला दोन वाजता उठायचं. बायका घागरी घेऊन डोळे चोळत उभ्या, त्यांत मीही. जाऊ म्हणायची, "आक्का, तुमी निजा, मी भरते." तिची कंबर माझ्या गुडघ्यापेक्षा वाईट आहे. ती कुणाला सांगत नाही.

घराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरा पेच तिथं होता. आमचं घर माळवदाचं. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी खांब, वर लाकडी पटई आणि पटईवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पुढं ढाळज, म्हणजे दारालगतची ओसरी, मग चौक, मागं देवघर आणि धान्याचं बळद. बाहेर बेचाळीस डिग्री असताना ढाळजेत उघड्या फरशीवर पडलं तरी झोप लागते. दिरांनी मागं बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत पंखा गरम वारा फेकतो. मी स्लॅबच्या खोलीत दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या रात्री ढाळजेत अंथरूण टाकलं.

तिथं पडलं की वरची फट दिसते. ती किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. किल्लारी आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. माझा मुलगा वर्षाचा होता; त्याला कडेवर घेऊन मी चौकातून पळाले तेव्हा पटईतून माती धारेनं गळत होती. आमचं घर उभं राहिलं. पलीकडच्या गावांतली राहिली नाहीत, आणि मेली त्यांतली बहुतेक माणसं अशाच दगडमातीच्या भिंतींखाली आणि अशाच माळवदाखाली मेली. दहा हजारांच्या घरात माणूस गेलं. सासूबाई त्यानंतर मरेपर्यंत ढाळजेत झोपल्या नाहीत. अंगणात पत्र्याखाली झोपायच्या, थंडीतसुद्धा. ती फट नंतर सिमेंटनं भरली, पण सिमेंट मातीला धरत नाही. वरून पुन्हा बोटभर उघडलेली आहे.

म्हणजे जे घर थंड, तेच घर डोक्यावर पडणारं. मिस्त्रीला बोलावलं. तो खांबांवर बोटं वाजवून म्हणाला, "काकू, माळवद उतरवून पत्रे टाकू, वजन जाईल. पण मग गारवा बी जाईल." पाडून नवं बांधायचं तर त्यानं सांगितलेला आकडा माझ्या जवळच्या सगळ्या रकमेएवढा होता.

मेच्या विसाव्या की एकविसाव्या रात्री हे सरपणातून लाकूड काढायला वाकले आणि त्यांना विंचू चावला. आधी ते काही बोलले नाहीत. ओट्यावर येऊन बसले. मी कंदील वर धरला तर शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, हात थंडगार, आणि मग उलटी. दिरांनी मांत्रिकाचं नाव काढलं. मी नको म्हटलं, जरा मोठ्यानंच. गाडी शेजारच्या पोराची, तो दुसऱ्या गावात लग्नाला गेलेला, त्याला फोन करून बोलावलं. जवळचा दवाखाना नऊ किलोमीटर, तिथं कुलूप. सिस्टरला घरून उठवलं. तिला काय करायचं ते माहीत होतं, प्राझोसिनची गोळी तिनं लगेच दिली आणि लातूरला न्यायला सांगितलं. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात काम करताना या साध्या, स्वस्त गोळीचा विंचूदंशावरचा उपयोग जगाला दाखवून दिला, हे मी मुलांना वर्गात सांगत आले होते. त्या रात्री ती गोळी यांच्या जिभेवर ठेवताना माझा हात थरथरत होता.

चावल्यापासून गोळी पोटात जाईपर्यंत एक तास चाळीस मिनिटं. घड्याळ मी बघत होते.

लातूरला दुसऱ्या दिवशी दुपारी यांना बरं वाटलं. सलाइन चालू होतं. मी खाटेशेजारी स्टुलावर. बराच वेळ ते छताकडं बघत होते, मग म्हणाले, "मी नसतो न् तुला चावला असता, तर तू काय केलं असतं? तुला गाडी चालवता येत नाही." मी गप्प बसले. ते म्हणाले, "तुझं आंबाजोगाई यादीत का नाही घातलं?"

मी ते घातलं नव्हतं कारण ते माझं माहेर आहे. माहेरच्या गावात म्हातारपणी जाऊन राहायचं हे तोंडातून काढायची माझी हिंमतच झाली नव्हती. बापाच्या जमिनीवरचं हक्कसोडपत्रही मी केव्हाच करून दिलेलं. आता जाऊन कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहणार?

दिरांना कळलं तेव्हा ते तिथंच बोलले, "दादा, बायकोच्या गावाला राहायला जायलास? लोक घरजावई म्हणतील." हे म्हणाले, "म्हणू दे. माझं वय एकसष्ट झालं." दिरांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो राग खोटा नाही. बापाचं घर थोरल्यानं सोडलं हे त्यांच्या जिव्हारी लागलंय.

जूनमध्ये आम्ही आंबाजोगाईला गेलो. मी भावाला आधीच सांगितलं, तुझ्या घरी चार दिवस उतरेन, पुढं माझी खोली मी बघेन. वहिनीच्या चेहऱ्यावरचा ताण त्या एका वाक्यानं उतरला. माहेरी परत जायचं तर हे आधी बोलून घेतलेलं बरं.

घर बघताना मी पायी हिंडले, रिक्षा केली नाही. हातात वही. दवाखाना किती मिनिटं, औषधाचं दुकान किती, भाजी किती, बसस्टँड किती, बँक किती. इथला सरकारी दवाखाना साधा नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय माझ्या शाळेच्या वयात सुरू झालं. स्वामीजींनी याच गावात शिक्षकी केली. तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं. आईच्या शेवटच्या आजारात मी तिथल्या वॉर्डात अठरा रात्री काढल्यात. खाटा कमी, माणसं फार, पण रात्री तीन वाजता डॉक्टर होता. मला तेवढं हवं होतं.

पाणी इथंही धनेगावच्या मांजरा धरणाचंच, जे लातूर पितं. धरण आटलं की आंबाजोगाईही कोरडी. म्हणून घर बघताना पहिला प्रश्न हौदाचा, किती लिटरचा, झाकण आहे का, बोअर कुणाच्या ताब्यात, मोटर कोण चालू करतं. एका घराला सुंदर अंगण होतं, पारिजातक होता, पण मोटरचं बटण मालकाच्या स्वयंपाकघरात. ते घर सोडलं. दुसऱ्याला न्हाणीत उतरायला दोन उंच पायऱ्या. तेही सोडलं. पाचवं घर मिळालं, तळमजला, सात हजार भाडं, तीन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करारनामा. मालकाला विचारून न्हाणीच्या भिंतीला लोखंडी दांडी बसवली, माझ्या खर्चानं. चारशे रुपये लागले.

विकत काही घेतलं नाही. रक्कम पोस्टातल्या आणि बँकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींत आहे. गावच्या घराचं माळवद पुढच्या दोन खोल्यांवरून उतरवलं आणि पत्रे टाकले. ढाळज तशीच ठेवली आहे; दिवसा तिथं बसायचं, रात्री पत्र्याखाली निजायचं, असं ठरलंय. सासूबाईंनी तीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं तेच.

ऑक्टोबरपासून इथं आहोत. मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या नवरात्रात मी रोज पहाटे पायी देवळात गेले, एकटी. कुणी विचारलं नाही की सोबत कोण आहे. बालाघाटच्या डोंगरावरचं गाव, सकाळी गार वारा असतो. वाटेत भेटणाऱ्या काही बायका मला अजून माझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारतात. ते नाव चाळीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

यांना इथं सुरुवातीचे दोन महिने जड गेले, ते मी लपवत नाही. ओळख नाही, हाताला काम नाही. मग गल्लीतल्या एका पोराच्या गॅरेजात जाऊन बसायला लागले. आता तो पोरगा अडलं की "काका, जरा आवाज ऐका ना इंजिनाचा" म्हणून बोलवायला येतो. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी ते गावाला जातात, सोमवारी परततात. मी जाते तेव्हा बायकांचं निम्मं तिकीट असल्यानं माझं भाडं त्यांच्या निम्म्यात होतं.

येळवसेला आम्ही दोघंही गेलो होतो. ज्वारी यंदा चांगली होती. दीर बोलले, पण कमी. इथं ते अजून आलेले नाहीत. जाऊ दोनदा आली. दुसऱ्या वेळेस मी तिला दवाखान्यात नेऊन कंबरेचा एक्स-रे काढला आणि चार दिवस ठेवून घेतलं. मागच्या सोमवारी हे आले तेव्हा पिशवीत दोन पायली ज्वारी होती आणि वर तिनं बांधून दिलेली तुरीची डाळ. ज्वारीत खडे फार आहेत, आज दुपारी निवडायला बसणार आहे.